मजुरी कापण्याआधी तो कागद बघा

माल परत आला की आपल्या कारखान्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हा पीस कोणी काढला?" मग रजिस्टर उघडते, त्या दिवशी मशीनवर कोण होता ते निघते आणि आठवड्याच्या हिशोबातून त्याचे शे-दोनशे रुपये वजा होतात. शेठला वाटते, दर्जाचा बंदोबस्त झाला. कारागिराला वाटते, नशीब खराब. पुढच्या महिन्यात माल पुन्हा परत येतो, फक्त या वेळी नाव दुसऱ्याचे निघते.

माझे म्हणणे असे की पुष्कळ वेळा यात शेठचा हिशोब चुकलेला असतो आणि कारागिराचे म्हणणे बरोबर असते. त्या दिवशी त्याचे नशीबच खराब होते! हे मी दयाबुद्धीने म्हणत नाही, गणिताने म्हणतो. हे गणित शंभर वर्षांपूर्वीचे आहे आणि सातवी पास मुलाला जमेल इतके सोपे आहे. त्याला 'नियंत्रण आलेख' म्हणतात, कारखान्यांच्या भाषेत 'कंट्रोल चार्ट'. मोठ्या कंपन्यांत मशीनशेजारी तो लटकलेला असतो. आपल्या शेडमध्ये, गाळ्यांत मात्र तो क्वचितच दिसतो, आणि त्याची किंमत मालक आणि मजूर दोघेही मोजत आहेत.

बेकरीवाल्या वाचकांनी उद्या सकाळी एक करून पाहावे. एकाच पिठाचे, एकाच हाताने तोडलेले, एकाच भट्टीतून निघालेले दहा पाव एकेक करून काट्यावर ठेवावेत. दहा वजने दहा येतील. कुणी चूक केली का? नाही. पीठ कुठे थोडे जास्त फुगले, हात कुठे किंचित जास्त पडला, भट्टीच्या कोपऱ्यात आच थोडी जास्त होती. अशी पन्नास बारीक कारणे रोज असतात आणि त्यांतले एकही बोट दाखवण्याजोगे नसते. हा झाला रोजचा फरक. पण एखाद्या दिवशी खमीरच जुने निघाले किंवा नवा मुलगा गोळे तोडायला बसला, तर वजन वेगळ्याच रीतीने हलते. हा झाला खास कारणाचा फरक. पहिल्याला कारण शोधत बसणे म्हणजे वेळ वाया घालवणे. दुसऱ्याला कारण न शोधणे म्हणजे नुकसानीला दार उघडे ठेवणे. प्रश्न एवढाच उरतो की समोरचा फरक पहिल्या जातीचा की दुसऱ्या, हे ओळखायचे कसे?

हे उत्तर वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन माणसाने दिले. टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत तो नोकरीला होता. १६ मे १९२४ रोजी त्याने आपल्या वरिष्ठाला जेमतेम पानभर टिपण दिले आणि त्यात एक आकृती काढली. मधे सरासरीची रेघ, वर एक मर्यादा, खाली एक मर्यादा, आणि मधे वेळेच्या क्रमाने मांडलेली टिंबे. टिंबे दोन रेघांच्या आत नाचत असतील तर रोजचा फरक, मशीनला हात लावू नका. टिंब बाहेर गेले तर खास कारण, मशीन थांबवा आणि शोधा. १९३१ साली त्याने यावर ग्रंथ लिहिला. आपल्याकडेही ही विद्या फार उशिरा आली असे नाही. महालनोबीस यांच्या कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून शूहार्ट स्वतः १९४७-४८ मध्ये भारतात येऊन कारखानदारांना हे सांगून गेला होता. त्याचाच सहकारी डेमिंग याने जपानच्या कारखानदारांना हे शिकवले ते त्यानंतर, १९५० साली. जपानने ऐकले. आपण काय केले ते सांगण्यात आज वेळ दवडत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. 'जालना सोने का पालना' ही म्हण कापसाच्या आणि व्यापाराच्या दिवसांतली. आजच्या जालन्याची ओळख आहे ती लोखंडी सळईची आणि बियाण्याची. एमआयडीसीतल्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळते, त्याचे बिलेट ओतले जातात, आणि रोलिंग मिलमध्ये त्याची टीएमटी सळई होते. आपल्यातले कितीतरी जण या धंद्याला कुठे ना कुठे चिकटलेले आहेत. कोणी भंगार गोळा करून पुरवतो, कोणी मिलचे रोल खरादतो, कोणी गाड्या चालवतो, कोणी दुकानात सळई विकतो. म्हणून नियंत्रण आलेख समजून घ्यायला सळईसारखे उदाहरण नाही.

१२ मि.मी. सळईचे एका मीटरचे वजन किती असावे? गवंडी-ठेकेदारांना सूत्र तोंडपाठ असते : व्यासाचा वर्ग भागिले १६२. म्हणजे ०.८८९ किलो. भारतीय मानक आयएस १७८६ मध्ये हाच आकडा ०.८८८ धरला आहे आणि १० मि.मी.च्या वर ते १६ मि.मी.पर्यंतच्या सळईच्या लॉटला पाच टक्के कमी-जास्त चालते असे म्हटले आहे. १२ मीटरची पूर्ण सळई साधारण १०.६६ किलोची भरते. मानकाच्या हिशोबाने ती १०.१२ पासून ११.१९ किलोपर्यंत चालेल. या एक किलोच्या खेळात कोण कमावतो आणि कोण गमावतो ते दुकानदाराला विचारा. सळई वजनावर विकली जाते आणि स्लॅबमध्ये नगावर बसते. सळई तीन टक्के जड निघाली तर एका टनात ९४ च्या जागी ९१ सळया येतात, आणि गिऱ्हाईक म्हणते, "मागच्या वेळी तर पुरली होती!" हलकी निघाली तर टनात नग जास्त येतात, पण पोलाद कमी पडते, आणि इंजिनिअरने कागदावर धरलेली ताकद स्लॅबमध्ये उतरत नाही.

मिलमध्ये हे वजन हलते कसे? लालबुंद बिलेट रोलच्या खाचेतून, म्हणजे ज्याला मिलमध्ये 'पास' म्हणतात त्यातून, एकामागून एक जाते. टनांवर टन लोखंड गेले की पास झिजतो, खाच मोठी होते, सळई हळूहळू जड होत जाते. बिलेट पुरेसे तापले नसेल तर ते दबायला नाखूश असते, रोल किंचित उचलले जातात आणि तेवढी सळई जाड होते. दोन रोलमधला गाळा कोणी फिरवला तर वजन एकदम उडी मारते. आता दर तासाला मीटरभराचे काही तुकडे कापून, वजन करून, त्यांची सरासरी कागदावर टिंबाने मांडली तर काय दिसेल? पास झिजत असेल तर टिंबे शिडी चढल्यासारखी वर जातील. गाळा हलला असेल तर एका तासापासून सगळी टिंबे वरच्या मजल्यावर राहायला जातील. थंड बिलेट असेल तर एकच टिंब उडून परत जागेवर येईल. म्हणजे कागद 'काहीतरी बिघडले' एवढे सांगून गप्प बसत नाही, कोणत्या दिशेला शोधावे तेही सांगतो. आणि हे सगळे मानकाची पाच टक्क्यांची हद्द ओलांडण्याच्या कितीतरी आधी सांगतो. पास केव्हा बदलायचा हे आजपर्यंत उस्तादाच्या नजरेवर चालत आले आहे. उस्तादाच्या नजरेला माझा सलाम आहे, पण उस्ताद रात्रपाळीला नसतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण शिकलेले लोकही इथेच घसरतात. मानकाची हद्द आणि आलेखाची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हद्द ठरवतो गिऱ्हाईक किंवा सरकार. मर्यादा ठरवते मशीन स्वतः, आपल्या रोजच्या वागण्यातून. मशीन आपल्या मर्यादेत शांतपणे चालत असेल आणि तरीही माल हद्दीबाहेर जात असेल, असे होऊ शकते. त्याचा अर्थ मशीनच त्या कामाच्या लायकीचे नाही, किंवा सेटिंग चुकीच्या जागी आहे. अशा वेळी कामगारावर ओरडून काही हाती लागत नाही. मशीन दुरुस्त करा, नाहीतर ते काम घेऊ नका.

मर्यादा काढायची कशी? सळईची गोष्ट मोठ्या भांडवलाची आहे, म्हणून आपल्या आवाक्यातले उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही मिरचीपूड २०० ग्रॅमच्या पुडीत भरून विकता. दर तासाला लागोपाठच्या पाच पुड्या उचला आणि आतल्या मालाचे वजन करा. पाचांची सरासरी लिहा. पाचांतली सर्वांत जड वजा सर्वांत हलकी, हा 'फरक' लिहा. असे वीस-पंचवीस वेळा करा. तीन दिवसांत होईल. या तीन दिवसांत मशीनशी खेळू नका, जसे चालते तसे चालू द्या. आता सगळ्या सरासऱ्यांची सरासरी समजा २०२ ग्रॅम आली, आणि फरकांची सरासरी ४ ग्रॅम. पाचाच्या नमुन्यासाठी एक तयार गुणक आहे, ०.५८. चाराला त्याने गुणले की २.३ येतात. वरची मर्यादा २०४.३, खालची १९९.७. फरकासाठी वेगळा गुणक आहे, २.११, म्हणजे फरकाची वरची मर्यादा ८.४ ग्रॅम. खालची मर्यादा शून्य. झाला आलेख. हे गुणक कुठल्याही सांख्यिकी पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात मिळतात, चाराच्या नमुन्याला वेगळे, सहाच्या नमुन्याला वेगळे. पाचाचाच नमुना घेत राहिलात तर वरचे दोन आकडे जन्मभर पुरतील.

दोन कागद का, एक का नाही? कारण सरासरी ठीक असून फरक वाढू शकतो. एक पुडी १९२ आणि दुसरी २१२ भरली तर सरासरी २०२ च दिसते, आणि गिऱ्हाईकाला मात्र १९२ वाली मिळते. सरासरी सरकली तर बहुधा सेटिंग हलले. फरक वाढला तर काहीतरी ढिले झाले, किंवा पुडीत गाठी आल्या, किंवा भरणारा हात बदलला.

टिंब मर्यादेबाहेर गेले नाही तरी लागोपाठ आठ टिंबे मधल्या रेघेच्या एकाच बाजूला पडली, तर ते खास कारणच समजावे. नाणे आठ वेळा उडवून आठही वेळा छापा यावा तशी ती गोष्ट आहे. आता कधीमधी कागदही खोटी हाक मारतो. काही बिघडलेले नसताना टिंब बाहेर पडण्याचा प्रसंग हजारात सुमारे तीन वेळा येतो. तेवढा त्रास सोसावा.

पुडीचे उदाहरण घेण्यामागे आणखी एक कारण आहे. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या वजनमापे नियमांप्रमाणे लॉटमधली सरासरी पुडीवर छापलेल्या वजनापेक्षा कमी भरता कामा नये, आणि २०० ग्रॅमच्या एकेका पुडीला जास्तीत जास्त ९ ग्रॅमची तूट चालते. मापात घट करणाऱ्यांवर कुरआन शरीफमध्ये एक स्वतंत्र सूरहच आहे, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. घाबरून आपण काय करतो? सगळ्याच पुड्या जड भरतो. वरच्या उदाहरणात प्रत्येक पुडीमागे २ ग्रॅम फुकट जात आहेत. महिन्याला दहा हजार पुड्या असतील तर वीस किलो मिरचीपूड. पण फरक निम्म्यावर आणला, म्हणजे चाराच्या जागी दोन ग्रॅम, तर सरासरी २०१ वर ठेवली तरी कमी भरण्याची भीती तेवढीच राहते आणि दहा किलो माल घरात राहतो. गिऱ्हाईकाचा हक्कही राखला जातो आणि आपलाही. ही बचत मजुराच्या खिशातून आलेली नसते.

लेथवाल्या बंधूंसाठी दोन शब्द वेगळे. आपल्याकडे चांगला टर्नर म्हणजे काय, तर प्रत्येक पीस मोजणारा आणि प्रत्येक पीसनंतर टूल थोडे आत-बाहेर करणारा. हा पीस दोन शतांश मि.मी. मोठा आला, घे तेवढे आत. पुढचा लहान आला, घे तेवढे बाहेर. मेहनत दिसते, मालक खूश होतो. पण मशीन आपल्या रोजच्या फरकातच चालत असेल, तर अशा प्रत्येक वेळच्या दुरुस्तीने फरक कमी होत नाही, वाढतो. किती वाढतो तेही काढता येते : सुमारे ४१ टक्के. कारण मशीनचा स्वतःचा नाच तर राहतोच, त्यात आपण मागच्या पीसचा नाच मिसळतो. डेमिंग हे नरसाळ्यातून गोट्या टाकून दाखवत असे. नरसाळे एका जागी ठेवले की गोट्या जवळजवळ पडत, आणि प्रत्येक गोटीनंतर नरसाळे 'सुधारले' की दूर पसरत. म्हणून आलेखाचा खरा फायदा मशीन केव्हा थांबवायचे हे कळण्यात जितका, तितकाच ते केव्हा सोडून द्यायचे हे कळण्यात आहे.

आता मजुरीकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

जालन्याच्या नावाची एक आख्यायिका आहे. गावाचे भले करणारा एक श्रीमंत मुसलमान व्यापारी इथे होता, त्याचा धंदा विणकामाचा, म्हणजे तो जुलाहा. त्यावरून गावाला जालना नाव पडले असे सांगतात. तेव्हा उदाहरणही विणकराचेच घेऊ. माग आज जालन्यात शोधावे लागतात, भिवंडी-मालेगावला ते हजारोंनी आहेत, आणि ताग्यात दोष निघाला की कपात, हे तिथल्या कारागिरांना नवे नाही.

समजा एका शेडमध्ये दहा विणकर आहेत. सगळे सारखे तयार, सारखे मन लावून काम करणारे. सूत जसे आहे, माग जसे आहेत, त्या हिशोबाने प्रत्येकाच्या ताग्यात सरासरी ४ दोष येतात. कुठे तुटलेला धागा, कुठे पट्टा, कुठे तेलाचा डाग. रोज प्रत्येकाचा एक तागा उतरतो असे धरू. शेठने नियम केला : सात किंवा जास्त दोष निघाले की कपात. नियम वाजवी वाटतो, नाही का? सरासरीच्या जवळजवळ दुप्पट दोष म्हणजे हलगर्जीपणाच! पण संभाव्यतेचे गणित सांगते की चाराची सरासरी असताना, कोणी काहीही चूक केली नसली तरी, नऊ ताग्यांतल्या एकात सात किंवा जास्त दोष निघणारच. दहा विणकरांत मिळून दहापैकी सात दिवस कोणाची ना कोणाची कपात होणार. आज रहीमची, उद्या करीमची. महिनाभरात प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी तीनेक दिवस येतील. ही शिक्षा नाही, सोडत आहे. आणि सोडतीत हरलेल्या माणसाला आपण सगळ्यांसमोर कामचुकार म्हणतो.

आलेख काय म्हणतो? दोष मोजण्याच्या आलेखाची मर्यादा काढणे तर आणखी सोपे आहे. सरासरी ४, तिचे वर्गमूळ २, त्याची तिप्पट ६, चारात मिळवले की १०. म्हणजे दहापर्यंतच्या दोषांत विणकराला काही विचारण्यात अर्थ नाही. अकरा दोष निघाले तर त्या मागापाशी जा आणि बघा. तेव्हाही आधी माग बघा, मग माणूस.

आणि चार दोषांच्या सरासरीचे काय, ती तशीच राहू द्यायची? मुळीच नाही. पण ती कोणाच्या हातात आहे? सूत कोणत्या गिरणीचे घ्यायचे ते शेठने ठरवले. सायझिंग कुठे करून घ्यायचे ते शेठने ठरवले. मागाची दुरुस्ती दिवाळी-ईदपर्यंत ढकलायची हेही शेठने ठरवले. दिवसातून चारदा वीज जाते ती ना शेठच्या हातात, ना विणकराच्या. डेमिंग आयुष्यभर हेच सांगत राहिला की बहुतांश बिघाड व्यवस्थेतला असतो आणि व्यवस्था बदलण्याचा अधिकार मालकाकडे असतो, मजुराकडे नाही. आपल्या धंद्यात हे बोलणे गोड लागत नाही, याची मला कल्पना आहे. मालक म्हणतील, "भाई, तुम्ही मजुरांना डोक्यावर बसवता." मी फक्त एवढेच म्हणतो की कपात करायचीच असेल, तर दहाची रेघ काढून तिच्यापलीकडे काय घडले ते आधी तपासा. सातवर कापलेल्या पैशाला वाजवी म्हणता येत नाही.

एक अडचण खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे आज गेट, उद्या ग्रील, परवा पाण्याची टाकी असे काम येते, त्या फॅब्रिकेशनवाल्याने या भानगडीत पडू नये. आलेखाला एकच काम पुन्हापुन्हा होत राहायला हवे. पण बेकरी, मसाला, फरसाण, शिलाई, विटा, लेथवरचे ठरावीक पार्ट, बियाण्याच्या पिशव्या भरणे, अशा पुष्कळ ठिकाणी ते होते. वेळ नाही ही सबब मी मानत नाही. तासाला पाच पुड्या तोलायला पाच मिनिटे लागतात, आणि परत आलेल्या मालाची तक्रार ऐकायला अख्खी दुपार.

धंद्याच्या दृष्टीनेही दिवस बदलले आहेत. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्यामागे पुरवठादारांची मोठी साखळी उभी राहिली. वाहन उद्योगात १९९४ च्या क्यूएस-९००० पासून आणि आता आयएटीएफ १६९४९ या मानकामुळे, पार्ट पुरवणाऱ्याकडून प्रक्रियेच्या सांख्यिकी नोंदी मागितल्या जातात. ही मागणी वरून खाली झिरपत येते : कंपनीकडून मोठ्या व्हेंडरकडे, त्याच्याकडून छोट्या जॉबवर्कवाल्याकडे. आपला कारागीर हातात सोने असून मागे राहतो, कारण त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो. "साहेब, पीस मोजून घ्या" म्हटले तर साहेब म्हणतो, "तू रोज असाच देशील याचा पुरावा काय?" त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तीन महिन्यांचे आलेख.

मात्र ते खरे असावेत. ऑडिटच्या आदल्या रात्री चहा पीत भरलेले तक्ते आपल्याकडे कमी नाहीत. ज्याला या विषयाची थोडी जाण आहे तो असा तक्ता लांबूनच ओळखतो. माणूस मनाने टिंबे काढू लागला की ती मधल्या रेघेला चिकटून, वर-खाली, वर-खाली, शाळेतल्या कवायतीसारखी पडतात. खऱ्या मशीनची टिंबे इतकी शिस्तीत कधीच नसतात. आणि आलेख खोटे का भरले जातात, याचे कारण पुन्हा मजुरीपाशीच येते. टिंब बाहेर गेले की पैसे कापणार असाल, तर कारागीर टिंब आत काढेल. त्याने ते काढावेच. तुम्ही त्याला दुसरा रस्ता ठेवलेला नाही. म्हणून आलेख कारागिराच्याच हातात द्या, त्यानेच मोजावे, त्यानेच टिंब काढावे, आणि बाहेरचे टिंब पहिल्यांदा सांगणाऱ्याला शाबासकी द्यावी. त्याला लिहिता-वाचता फारसे येत नसेल तरी चालेल. चौकटीच्या कागदावर रेघा तुम्ही आखून द्या, त्याला काट्यावरचा आकडा ओळखून टिंब ठेवता आले की पुरे. आज मोबाइलवरही आलेख निघतात, पण तो खिशात राहतो. भिंतीवरचा कागद पाळी बदलताना दुसऱ्या माणसालाही दिसतो.

सुरुवात एकाच मशीनपासून, एकाच मापापासून करा. सगळीकडे एकदम लावाल तर महिन्याभरात कंटाळून सोडाल. शिकण्यासाठी छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, आपल्या गावातल्या आयटीआयच्या मास्तरांनाही विचारता येईल. आणि पहिले टिंब काढण्याआधी काटा तपासून घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याची वजनमापे खात्याकडून दर वर्षी पडताळणी करून शिक्का मारून घ्यावा लागतो. लेथवर काम असेल तर मायक्रोमीटर शून्यावर येतो की नाही ते रोज सकाळी बघा. माप घेणारे हत्यारच रोज वेगळे बोलत असेल, तर कागदावरची टिंबे त्या हत्याराची हकीगत सांगतील, तुमच्या मालाची नाही.